रेडिओतले सेल

३ नोव्हेंबर

हर्नियाची तपासणी झाली. ऑपरेशन शुक्रवारी. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करणार, मी जागाच राहणार. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, काका, गाणी कोणती आवडतात? आत हेडफोन लावतो, भीती कमी होते, दुखणंही कमी जाणवतं. मी म्हणालो, भीती वाटत नाही आणि गाणी आवडत नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बहुधा 'भित्रा'.

मार्चमध्ये आमच्या हिलाही याच लोकांनी हेडफोन लावले होते. मान डोलावत आत गेली. आठवड्याच्या आत संपलं सगळं. आता मला विचारतात, कोणती आवडतात.

४ नोव्हेंबर

मुलगी आली. म्हणाली, बाबा, लावून घ्या ना, हट्ट कसला त्यात. विचारलं, तुझ्या आईला काय उपयोग झाला? म्हणाली, आई घाबरली नाही, एवढा झाला.

पोरीला उलट उत्तर द्यायला कोणी शिकवलं कळत नाही.

निर्णय: टेबलावर पडल्या पडल्या एकोणतीसचा पाढा म्हणायचा. वर्गात तो न अडखळता येणारा मी एकटाच होतो. मन खंबीर असलं की ब्लडप्रेशर मुकाट्यानं ताब्यात राहतं.

५ नोव्हेंबर

बीपीचं मशीन आणलं. त्यात सेल नव्हते. स्वयंपाकघरातल्या हिच्या रेडिओतले काढून घातले. नाहीतरी मार्चपासून तो फळीवर धूळच खातोय.

वरचं १५८. मशीन स्वस्तातलं आहे. परत घेतलं, १६४. फारच स्वस्तातलं आहे.

७ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं नाही. चूक सर्वस्वी त्यांची. मी पाढ्यात सकपर्यंत व्यवस्थित पोचलो होतो. तेवढ्यात कोणीतरी ट्रे आपटला. सर्जन कोणाला तरी आपल्या घरच्या स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग सांगत होते. माणसाला कापायच्या खोलीत फरशी. साती अडली ती अडलीच. मशीन कोकलायला लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, वरचं एकशे नव्वद आहे, आज इंजेक्शन देत नाही. पुढच्या शुक्रवारी बघू. पण फार लांबवू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल.

स्ट्रेचर बाहेर काढताना सिस्टर कानाशी म्हणाली, काका, साती दोनशे तीन. तिला कोणी विचारलं होतं?

८ नोव्हेंबर

मुलीचा फोन. आधी ओरडली. मग म्हणाली, एका वर्षात दोघं नको हो बाबा. मी फोन ठेवून दिला. आवाज बसला होता. हवा बदलली आहे.

१३ नोव्हेंबर

निर्णय: त्यांच्या समाधानासाठी हेडफोन लावून घेईन, पण ऐकणार नाही. कान माझे आहेत.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

ऑपरेशन झालं. बीपी एकशे चाळीसच्या वर गेलं नाही. श्रेय पाढ्याचं. ठरल्याप्रमाणे काहीही ऐकलं नाही.

मध्येच सिस्टरनं एक कान मोकळा करून सांगितलं, काका, जरा हळू गा, सर्जनना हसू आवरेना. मी म्हणालो, गात नाही, पाढा म्हणतोय. ती म्हणाली, चालीवर? मग तिनंच विचारलं, गाणं कोणतं? नाव माहीत नाही म्हणालो.

खरंच माहीत नाही. ही भांडी घासताना गुणगुणायची त्यातलं. दोनच ओळी यायच्या तिला, त्याच फिरून फिरून. तिसरी आज पहिल्यांदा ऐकली.

गाणी मुलीनं भरून दिली होती. मला विचारलं नाही. हा शुद्ध विश्वासघात आहे. बरा झालो की बोलणार आहे तिच्याशी.

१६ नोव्हेंबर

घरी आलो. मुलीला काही बोललो नाही, थकली होती बिचारी. दुपारी गेली. टाके ओढतात.

निर्णय: यापुढे बीपी मोजायचं नाही. बेभरवशाचं मशीन. सेल आत राहून गळतील म्हणून काढले आणि रेडिओत घातले. लागेना. रेडिओला मनसोक्त शिव्या दिल्या. सेल उलटे घातले होते. सरळ घातले.

मला फक्त बातम्या हव्या होत्या. गाणी लागली. स्टेशन बदलायला फळीपर्यंत हात वर करावा लागतो, टाके ओढतात. राहू दिलं.

सिंकपाशी उभाच होतो, म्हणून चहाचा कप घासून टाकला.