शटर आधी, काका नंतर

मी, खाली सही करणारा, धंद्याने न्हावी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाचा द्यायला ते तयार नाहीत.

१. दुकान, वरच्या दोन खोल्या, दोन्ही खुर्च्या आणि बँकेतली शिल्लक माझी तेरा वर्षांची मुलगी ठमी हिला मिळावी. तिची आई हयात नाही.

२. ठमी बहिरी नाही, हट्टीही नाही. कान तपासून घेतले, ठणठणीत आहेत. वाक्य लांबलं की तिच्या हातून सुटतं. "दप्तर ठेव, हात धू आणि टॉवेल आण" म्हटलं की ती दप्तर ठेवून उभी राहते. शाळेतल्या बाई विचारतात, "समजलं का?" ती "हो" म्हणते, कारण "हो" म्हटलं की लोक पाठ सोडतात. जन्मभर गिऱ्हाइकांशी बडबड करून मी पोट भरलं आणि पदरी पोर आली ती अशी, जिच्याशी चार शब्दांतच बोलावं लागतं. त्याचा मला राग नाही. पण माझ्यामागे तिच्याशी असं कोण बोलेल, या काळजीने मला मरायचीही चोरी झाली आहे.

३. पालक कोण, याचा निकाल त्या दुपारी लागला. छातीत कळ आली, मी दुकानात कोसळलो आणि कसाबसा म्हणालो, "शटर ओढायच्या आधी काकाला बोलाव." ठमीने ऐकलं त्या क्रमाने केलं. शटर ओढलं, रोजच्यासारखं बाहेरून कुलूप घातलं आणि काकाला आणायला धावली. मी आत अंधारात, कापलेल्या केसांत गाल टेकून.

बाहेर काकाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा आवाज आला. "अगं, बाप कुठाय, किल्ली कुठाय, कोंडलंस कशाला त्याला, आता उघडू का फोडू?" ठमी म्हणत होती, "हो. हो." मग थप्पड ऐकू आली. मला हाकही मारता येईना. तेवढ्यात समोर शिवणकाम करणारी माझी धाकटी बहीण आली. ती एवढंच म्हणाली, "ठमे, किल्ली दे." ठमीने दिली.

म्हणून ठमीची पालक तिची आत्या. काकाने यात नाक खुपसू नये.

४. थोरल्या भावाला भिंतीवरचा मोठा आरसा द्यावा. बोलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. निदान समोर ऐकणारा तरी राहील.

५. हे कलम आजच घातलं. काल आत्याला शेजारी बसवून मी ठमीला सांगितलं, "बाबा मरतील." थांबलो. "मग तू आत्याकडे राहशील." समजलं का, असं मी तिला कधीच विचारत नाही. म्हटलं, "आता काय करायचं, तू सांग."

ती बराच वेळ फ्रॉकचं बटण फिरवत बसली. मग माझी बाही घट्ट धरून म्हणाली, "आधी आत्याकडे राहायचं. बाबांनी पण. मरायचं शेवटी."

पोरीचं बरोबर आहे. सबब मी आणि ठमी उद्यापासून बहिणीकडे राहायला जात आहोत. वरची बाकी कलमं त्यानंतर.

साक्षीदार : डॉक्टर (सही), शेजारचा इस्त्रीवाला (सही)
लिहून ठेवणार : ठमीचा बाप (सही)
ठिकाण : दुकान, शटर उघडं
तारीख : डॉक्टरांच्या शिक्क्याखाली आहे तीच