आत्याबाई गेल्या का?

११ ऑगस्ट, सोमवार

मी दारातनं आत आले आणि आई उठून उभी राहिली. डोक्यावर पदर. "बसा आत्याबाई, पाणी आणते."

आत्याबाई म्हणजे तिची सासू! माझी आज्जी. मी नववीत असताना वारलेली.

हे सगळं माझ्या केसांनी केलंय. मे महिन्यात नेहमीचा डाय लावला आणि तोंड सुजून भोपळा झालं. डोळे उघडेनात. डॉक्टर म्हणाले, बाई, परत लावाल तर उद्या घसाही सुजेल, श्वास अडकेल. घाबरून रंगवलेले केस सगळे कापून टाकले. आता जे उगवलंय ते आखूड आणि पांढरंफेक. आज्जीचे अगदी असेच होते. आईला गेली दोन-तीन वर्षं विसर पडतोय खरा, पण मला ओळखत होती की! लेकीला विसरली नव्हती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

माझ्यासमोर जेवत नाही. आधी तुम्ही जेवा म्हणते. न्हाणीत जायलासुद्धा माझी परवानगी मागते. मी पारमिता, तुझी पारू, असं ओरडून सांगितलं तर आणखीच घाबरली. ओरडायला नको होतं.

दिवसा तिच्याजवळ गुणाबाई असतात. म्हणाल्या, "तुमी कालिजला गेलासा की लई बोलतीया. गाडी दारात वाजली की एकदम गप."

घरात येणं नको वाटायला लागलंय. माझ्याच घरात!

१७ ऑगस्ट, रविवार

आज्जी वाईट नव्हती, असं आई आयुष्यभर म्हणत आली. पण मी बघितलंय ना. आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतनं दमून यायची, केसांत सगळी धूळ. तेलाची बाटली हातात घेतली की आज्जी कडाडायची, "कुणाला दावायचंय गं नटून?" आई बाटली परत ठेवायची. त्याच बाईला ती आता रोज माझ्यात बघते.

संध्याकाळी तेल कोमट करून तिच्या मागे बसले. काठीसारखी ताठ! मी नुसती विंचरत राहिले. थोड्या वेळानं मान सैल सोडली तिनं. रोज करायचं ठरवलंय.

२० ऑगस्ट, बुधवार

'केमिकल नाही' असं ठळक छापलेलं काळ्या मेंदीचं पाकीट आणलं होतं. परवा कानामागे ठिपका लावला, काल रात्रभर नुसती आग. भिंग घेऊन पाकिटाची मागची बाजू वाचली. डॉक्टरांनी 'हे टाळा' म्हणून ज्या केमिकलचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलंय, तेच! पुढं देव, मागं भूत. फेकून दिलं.

कॉलेजच्या ऑफिसातल्या मंजुश्रीला सांगितलं. तिचं माहेर वडगावचं, मागावर साड्या विणणाऱ्यांचं. हसायलाच लागली. "अक्का, आमच्यात सूत रंगवायच्या आधी एक दोरा बुडवून बघतात. तुम्ही मेमध्ये सगळं डोकंच बुडवलंत की!" मग नीट सांगितलं: साधी मेंदी आधी, ती धुतली की निळीच्या झाडाच्या पानांची पूड. दोन्हींत दुसरं काही मिसळलेलं नको. आणि आधी कानामागे. दोन दिवस थांबायचं.

आजच लावला ठिपका. दुसऱ्या कानामागे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

खाज नाही. सूज नाही. आरशात कान बघून बघून मान दुखली.

२४ ऑगस्ट, रविवार

मेंदी धुतली — डोकं नारिंगी! गुणाबाई तोंडाला पदर लावून, "अगं बया, कोंबडा!" मग निळीचा लेप. ओल्या गवतासारखा वास. धुतल्यावर रंग काय, तर शेवाळी. मंजुश्रीला फोन केला. म्हणाली, धीर धरा अक्का, हवा लागली की काळवंडतं.

आईनं वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोण गं ही सोंगाडी?" म्हणून खदाखदा हसली. हसली तरी! उभी राहिली नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

काळे झाले. काळेभोर नाहीत, तपकिरीवर. मला चालतंय.

गाडी लावून आत आले तर आई कॉटवरनंच, "पारू, आलीस व्हय गं? म्हातारी गेली का?"

गेली, म्हटलं.

"बरं झालं."

स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. मग दोघी एका ताटात जेवलो. भाकरी तिनंच मोडून दिली मला. सुटले बाई! छातीवरचा धोंडा उतरला.

१ सप्टेंबर, सोमवार

मस्त दिवस. डोकं शांत, आई शांत. माझ्या कॉलेजच्या साड्यांना नावं ठेवते, म्हणजे सगळं ठीक आहे. या गडबडीत तेल लावायचं मात्र राहून गेलं.

१४ सप्टेंबर, रविवार

मुळं पांढरी दिसायला लागलीत. सकाळी मेंदी भिजवली. आई जवळ येऊन बसली, इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "पारू, आत्याबाईंना परत बोलव की गं. शेवटी लई सुधारल्या होत्या. रोज माझ्या डोक्याला तेल लावायच्या, विंचरायच्या. मी भ्याले. एक शब्द बोलले न्हाय त्यांच्याशी."

मेंदी गुणाबाईंना देऊन टाकली. आईला सांगितलं, येतील. थंडी पडेपर्यंत येतील.