सीलबंद चौथं गाणं

४ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली!

घराला रंग द्यायचा काढलाय म्हणून माळा रिकामा करत होतो. म्हणजे मुलगा स्टुलावर, सून खाली, आणि मी खुर्चीत बसून सूचना देत होते – ते खातं माझं. जुना पंखा निघाला, तीन पायांचं टेबल निघालं, माझ्या बाळंतपणातली उशी निघाली (सुनेने नाक धरलं). सगळ्यात मागे प्लायवूडच्या दोन फळ्या, सुतळीने करकचून बांधलेल्या. मुलाला वाटलं कपाटाची दारं राखून ठेवलीत बाबांनी. सोडून बघतो तर मध्ये चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली माझी रेकॉर्ड. लहान, चार गाण्यांची. सीलबंद! ठेवली तेव्हा होती तशी.

ह्यांनी मला सांगितलं होतं, दिली कुणाला तरी. चाळीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून वर्षातून दोनदा तरी मी त्यावरून डोकं उठवलंय त्यांचं. माणूस जाऊन तीन वर्षं झाली आणि त्याचं खोटं आत्ता माळ्यावरून खाली उतरलं.

पण आनंद एवढा झालाय की राग उद्या करीन.

५ फेब्रुवारी, बुधवार

केला. दिवसभर केला. ह्यांच्या फोटोवरची धूळ पुसायचा आजचा वार होता, पुसली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नात कॉलेजातून आल्या आल्या रेकॉर्ड बघायला बसली. तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकते. बाकीच्यांचे कान माझ्या गोष्टीला केव्हाच बधिर झालेत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. शिक्षण चौथी. रेकॉर्डच्या कारखान्यात पॅकिंगला होते. आम्ही अठरा जणी. पाकिटावर प्लास्टिक चढवायचं, तापलेल्या तारेवर कडा दाबायची की तुटून आपोआप चिकटते, मग गरम पेटीतून सरकवायचं, म्हणजे प्लास्टिक आवळून बसतं. आत हवा राहून फुगू नये म्हणून आधी सुईने भोकं पाडायची. प्रत्येकीची भोकं ठरलेली – कुणाची दोन, कुणाची रांगेत चार. म्हणजे सील उसवलं तर शिव्या कुणाला द्यायच्या ते मुकादमाला कळायचं. माझी तीन, खालच्या कोपऱ्यात, चुलीच्या दगडांसारखी मांडलेली.

नातीने चष्मा दिला. मी कोपरा उजेडात धरला. तीन भोकं. चुलीचे दगड!

माझं गाणं मीच बंद केलं होतं की गं स्वतःच्या हाताने. त्या दिवशी हजारभर केली असतील, आत काय आहे कोण बघतंय. आणि गंमत अशी की आम्हा अठरा जणींपैकी एकीनेही कधी एकही रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. पॅकिंगमध्ये वाजवायचं यंत्रच नव्हतं. नदीकाठी राहून तोंड धुवायला पाणी नाही, तशी गत.

आता गाण्याचं. वरच्या मजल्यावर गाणी भरायची खोली होती. त्या दिवशी एक मोठ्या बाई गायला आल्या होत्या. तीन गाणी झाली आणि चौथ्याला त्यांचा घसा बसला. वादक ताटकळलेले, पाकिटं छापून तयार. मी जिन्यावर उभी राहून सकाळपासून तालीम ऐकत होते, मला सगळं पाठ. कुणीतरी म्हणालं, ती खालची मुलगी सारखी गुणगुणत असते. नेलं मला वर. दोनदा म्हणून घेतलं. म्हणाले, चालेल. मी खाली येऊन पुन्हा पॅकिंगला बसले. पाकिटावर नाव बाईंचंच.

नातीने फोनवर शोधलं. बाईंची तीन गाणी आहेत, चौथं कुठेच नाही. रेकॉर्ड खपलीच नव्हती म्हणे.

म्हणजे माझा आवाज जगात फक्त ह्या प्लास्टिकच्या आत आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

मुलाने कुणालाही न विचारता रेकॉर्डचा फोटो कुठे कुठे पाठवला. संध्याकाळी एक गृहस्थ हजर. जुन्या रेकॉर्डी जमवतात. गोरेपान, हातात पांढरे मोजे – खरंच, हातमोजे घालून धरली माझी रेकॉर्ड! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आम्ही तर डबा खाल्लेल्या हाताने धरायचो.

ते बाईंच्या नावाचं एक दालन उभारतायत. त्यांची साडी, तंबोरा, चष्मा, आणि मध्ये काचेखाली ही रेकॉर्ड. सीलबंद अशी ही एकच उरली आहे म्हणाले. देतील ती किंमत त्यांनी सांगितली आणि सून चहात दुसऱ्यांदा साखर घालून बसली.

मी म्हटलं, त्यातलं चौथं गाणं माझं आहे.

त्यांनी मोजे काढले. हसले, पण वाईट नाही हसले. म्हणाले, "मावशी, असेलही. पण पुरावा हवा ना काहीतरी."

"पुरावा आत आहे. उघडा आणि ऐका."

"उघडली की माझ्या कामाची राहिली नाही."

घ्या! म्हणजे माझा आवाज त्यांना हवाय, पण मुका. आणि दुसरीच्या नावाने.

मुलगा त्यांना दारापर्यंत सोडायला गेला आणि पुढच्या रविवारचा शब्द देऊन आला. माझ्या वस्तूचा शब्द.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलाशी बोलत नाही. जेवायला बोलावलं तेव्हा फक्त "हं" म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

न बोलून भागत नाही, डोळ्यांत थेंब तोच घालतो. घालता घालता म्हणाला, "आई, पैसा सोड. बाबांनी इतकी वर्षं जपली, ती तू पाच मिनिटांत फोडणार?"

जपली! लपवली म्हण.

ह्यांचं काय ते इथे लिहूनच टाकते. हे त्याच कारखान्यात तपासणीला होते. पंचवीस रेकॉर्डींतली एक काढायची, कानाला ते मोठे डबे लावायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. खरखर, टकटक आढळली की अख्खा गठ्ठा बाजूला. आम्ही पोरी त्यांना कानवाला म्हणायचो. एक दिवस हा कानवाला पॅकिंगच्या दारात येऊन उभा. म्हणे, चौथं गाणं कुणी म्हटलंय? पोरींनी मला पुढे ढकललं. माझ्याकडे बघितलं, लाल झाले, आणि एक शब्द न बोलता परत गेले. सहा महिन्यांत मागणी आली.

मला वाटलं, आवाजावर भाळले. कुठल्याही पोरीला वाटलं असतं.

आणि लग्न झाल्यावर? मी गायला तोंड उघडलं की ह्यांना बाजारातून काहीतरी आणायचं आठवायचं. घरात दोऱ्याची रिळं इतकी झाली की अजून सुनेला विकत घ्यावी लागत नाहीत. ह्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात सगळ्यांनी आग्रह केला, वहिनी म्हणा, तुमची तर रेकॉर्ड आहे. मी पदर सावरून उभी राहिले आणि हे मध्येच म्हणाले, तिचा घसा बसलाय. माझा घसा! चांगला ठणठणीत! भरल्या मांडवात मी खाली बसले. ह्यांच्याशी दोन महिने बोलले नाही. आणि गाणं त्या दिवसापासून बंद. अंगाईसुद्धा नाही म्हटली. मुलगा पंख्याच्या आवाजावर मोठा झाला.

कारखान्यातून मिळालेली ती रेकॉर्ड ऐकू या म्हटलं की म्हणायचे, सीलबंद आहे, राहू दे. मी फारच मागे लागले तेव्हा – दिली कुणाला तरी.

शेवटच्या आजारात मी विचारलंच. का हो असं केलंत माझ्याशी? उशीवर मान वळवून म्हणाले, "तू माझ्यावर चिडलेली परवडते."

मरतानासुद्धा तोरा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टाचणीला फोन लावला. माझ्या शेजारच्या टेबलावर पॅकिंगला होती. काटकुळी आणि बोलणं टोचरं म्हणून टाचणी. आता चांगली गरगरीत झालीय, पण टोचते तशीच. तिची दोन रांगेत, मधे अंतर – भोकं म्हणते मी. अर्धा तास गुडघ्यांवर बोललो, मग मी बातमी सांगितली. तिलाही आनंद झाला. आणि मग म्हणाली, "अगं पण ती बाई आठ दिवसांनी परत आली होती ना? मोटारीतून उतरताना मी पाहिली. चौथं पुन्हा म्हटलं असेल बघ तिने."

फोन ठेवला.

असं असेल तर? पंचावन्न वर्षं मी सांगत आलेय – माझं गाणं, माझी रेकॉर्ड. शेजारणींना, व्याह्यांना, दवाखान्यातल्या नर्सला. आणि उघडल्यावर आतून बाईच निघाल्या तर?

पण मग हे पॅकिंगच्या दारात आले कशाला? काहीतरी ऐकूनच आले असतील ना?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रेकॉर्ड माझ्या उशाशी. येता-जाता प्लास्टिकवर बोट फिरवते. उजव्या तर्जनीला तारेचा जुना चटका आहे, तिथे काही कळत नाही, म्हणून मधल्या बोटाने.

असंही वाटतं की देऊन टाकावी. बंद आहे तोवर आत मी आहे. काचेखाली का असेना. मला ठाऊक असलं म्हणजे झालं.

मग वाटतं, चौऱ्याहत्तर संपलं, कान अजून बरे आहेत. आता नाही तर केव्हा? वर गेल्यावर कानवाला तिथेही म्हणेल, राहू दे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या गृहस्थ येणार. नात कुणाकडून तरी वाजवायचं यंत्र घेऊन आली, सुटकेसएवढं. मुलगा चिडला. म्हणाला, मी शब्द दिलाय, माझं तोंड काय राहील. मी म्हटलं, तोंड माझंच दिलंय मी तुला, एवढं काही भारी नाही. नात फिसकन हसली, तो आणखी चिडला. घरभर रंगाचा वास आणि सगळ्यांची तोंडं चार दिशांना.

सून भांडी पुसत होती. ही कधी मध्ये पडत नाही. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, वीस वर्षं मी ऐकतेय, बाबांनी तुमचा गळा दाबला म्हणून. ते कधी एक शब्द बोलले नाहीत. गच्चीत जाऊन बसायचे. मला वाईट वाटायचं त्यांचं. ऐकाच एकदा. खरं काय ते होऊन जाऊ दे."

मला राग यायला हवा होता तिचा. आला नाही, ते बरं की वाईट कोण जाणे. गच्चीत जाऊन बसायचे हे मला माहीतच नव्हतं. मी समजत होते, दोरे आणायला जातात.

१६ फेब्रुवारी, रविवार

गृहस्थ आले, तसेच परत पाठवले. मुलाने खाली मान घालून माफी मागितली त्यांची. मी आतून ऐकत होते. बाहेर गेले नाही.

उद्या घर रिकामं असतं. नात आणि मी. ब्लेड काढून ठेवलंय. कात्रीने प्लास्टिक फाटतं, ब्लेडने कडेने चीर दिली की नीट निघतं. हे अजून हाताला आठवतं बघ!

फार आनंदात आहे. सकाळी न्हाणीघरात गुणगुणले. कुणीही बाजारात गेलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आवाज माझाच. दुसऱ्या ओळीला जी सुराच्या खाली घसरलेय ती शेवटपर्यंत वर आलेली नाही. वादक बिचारे वाट बघतायत. कुणालाही कळेल, मला कळलं.

एकदा तोंडावर सांगायचं होतं हो. मी चार दिवस रडले असते. तुम्ही जन्मभर माझे टोमणे खाल्लेत, आणि मला ते मारू दिलेत.

सुई उचलून नातीने विचारलं, "तूच ना आजी?"

म्हटलं, नाही गं. त्या बाईच आहेत.