निवेदनाखालची सही

८ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

प्रभूमध्ये सलाम. तू, तुझी बायको आणि मुली खुशाल असाल. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरणं आपल्या घराण्यातच आहे.

बाबांची माती शनिवारी झाली. माणसं बरीच आली होती. तुझं उत्तर त्याच सकाळी मिळालं, ‘त्यांना मी दोन वर्षांपूर्वीच मातीआड केलंय.’ ते मी कोणाला दाखवलं नाही. पाळकांनी विधी नीट केला. पाळकांच्या अंगावरचा झगा बाबांनीच शिवलेला होता, हात धड होते तेव्हा. मशीन मी पलीकडच्या बाईंना दिलं, त्यांची मुलगी शिवण शिकते आहे. मोठी कात्री ठेवली आहे. तुला हवी असेल तर कळव.

हे सगळं लिहून झालं आणि मी उठून भांडी घासून आले. भांडी मुळात घासलेलीच होती.

तू भांडून गेलास, त्यामुळे पुढचं तुला अर्धवटच कळलं, तेही लोकांच्या तोंडून. म्हणून पहिल्यापासून सांगते. पाळकांचं म्हणणं तुला पाठ आहे. देवाने सहा दिवसांत जग घडवलं, तर सहा दिवस म्हणजे सहा दिवस, चोवीस तासांचे, संध्याकाळ-सकाळ धरून. तू त्यांना अडाणी म्हणालास, पण ते अडाणी नाहीत. मरण आदामाच्या पापामुळे आलं नाही, ते जगात आधीपासूनच होतं असं धरलं, तर ख्रिस्त मेला कशासाठी, हा प्रश्न त्यांना खरोखर छळतो. तू विज्ञानाचा मास्तर, तुझं म्हणणं एकेक दिवस म्हणजे एकेक युग, खडक साक्षीला आहेत. दोघांनी घसा कोरडा केला आणि तू दार आपटून गेलास.

बाबा दोघांच्याही बाजूचे नव्हते. सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग आधीचे तीन दिवस मोजले कोणी, असं ते रविवारच्या शाळेतल्या पोरांना हसत विचारायचे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात झाडं आधी आणि माणूस नंतर, दुसऱ्यात माणूस आधी. लिहिणाऱ्याला हे दिसलं नसेल का? दिसलं, तरी त्याने दोन्ही शेजारी ठेवलं, कारण त्याला माप द्यायचंच नव्हतं. तुझ्याबद्दल म्हणायचे, ‘हाही टेपच लावतोय, फक्त लांबलचक.’ शेवटी गाडी त्यांच्या लाडक्या ओळीवर यायची. देवाने आदाम-हव्वेला शिक्षा सांगितली आणि मग स्वतः त्यांच्यासाठी कातड्याचे कपडे केले. बाहेर काढायचं तर उघडं कसं काढायचं, म्हणून. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या माणसाला तोच देव ओळखीचा वाटायचा.

ही गोष्ट पाळकांच्या कानावर गेली. त्यांनी निवेदन तयार केलं. ‘सहा दिवस चोवीस तासांचे होते असं मी मानतो आणि याहून वेगळं शिकवल्याबद्दल पश्चात्ताप करतो.’ शिकवणाऱ्या प्रत्येकाने महिनाभरात सही करायची, नाहीतर वर्ग सोडायचा. बाकीच्यांनी केली. बाबा नाही म्हणाले. आवाज चढवला नाही, फक्त नाही म्हणाले. घर चर्चच्या मंडळीचं, माझी नोकरी मंडळीच्या कचेरीत. पाळक मला रोज विचारायचे, बाबांचा कागद आला का?

धाकट्या, त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून त्यांच्या सगळ्या सह्या मीच करायचे. दवाखान्याचे कागद, अर्ज, तुझ्या मुलींच्या वाढदिवसाची कार्डं. माझी सही त्यांच्या सहीपेक्षा त्यांची वाटायची. त्या निवेदनावरची सहीही माझीच आहे.

भर दुपारी, कचेरीत, दोन हजेरीपटांच्या मधे केली. मला वाटलं कागद फायलीत जाईल आणि कटकट मिटेल. पाळक तो उपासनेत वाचतील, पत्रकात छापतील आणि कोणीतरी ते पत्रक उत्साहाने तुला धाडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाबा तिसऱ्या बाकावर होते. वाचन संपलं तेव्हा त्यांनी मागे वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. उठून बोलले नाहीत. घरी येऊन जेवले. पुढच्या रविवारपासून वर्गावर गेले नाहीत, तब्येतीचं कारण सांगितलं.

मग तुझं चार पानी पत्र आलं. त्यांना तोवर नीट दिसेनासं झालं होतं, म्हणून ते मीच वाचून दाखवलं. भित्रा, ढोंगी, आयुष्यभर शिकवलेलं विकणारा. एक शब्द गाळला नाही, आणि एकाही शब्दाशी थांबून हे मी केलं असं म्हणाले नाही. ते मी पत्र संपल्यावर म्हणाले. त्याला आजच खरं काय ते कळवते, असंही म्हणाले.

ते म्हणाले, ‘आणि मग तू राहशील कुठे?’

मी पत्राची घडी घातली. मग तेच म्हणाले, ‘तो रागावलाय. पण त्याला घर आहे.’ तुला जे दोन ओळींचं उत्तर आलं, पत्र मिळालं, तब्येतीला जप, ते त्यांनीच सांगितलं. तू त्याला लाज समजला असशील.

मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. दोन वर्षं ते दुपारी पोस्टमनच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसायचे. मी आत असायचे.

शनिवारी पाळकांनी ते निवेदन कबरीपाशी पुन्हा वाचलं. म्हातारपणी चूक कबूल करणाऱ्या माणसाचं उदाहरण म्हणून. माझ्या हातात मूठभर माती होती. ती मी टाकली आणि बाजूला झाले.

पाळक, तू, बाबा, तुम्ही तिघेही त्या सहा दिवसांपायी काहीतरी गमवायला तयार होतात. मला तो नुसता कागद वाटला. ते दिवस केवढे होते ते मला ठाऊक नाही, आणि मी कधी त्याचा विचारही केला नाही. मला घरात शांतता हवी होती, ती मिळाली. आता इतकी आहे की सहन होत नाही.

मूळ कागद फायलीतून काढून सोबत घातला आहे. रविवारी मंडळीपुढे उभी राहून सगळं सांगेन असं मघाशी लिहिलं होतं. वरची खोडलेली ओळ तीच. माझ्या शब्दावर विसंबू नकोस. कागद आणि हे पत्र तुझ्याकडे असू दे. तू येऊन हे पत्र सगळ्यांसमोर वाचलंस तर मी आडवी येणार नाही, मग माझं काहीही होवो.

तू येशील की नाही, ते तुझ्यावर आहे. बाबांनी सही केली नाही. मरेपर्यंत केली नाही.

तुझी म्हणू की नको, हे न कळणारी,
ताई