आतला आकडा

३ तारीख, सोमवार

पुन्हा तेच! यंत्रवाल्या कंपनीचा दाढीवाला प्रोग्रामर आमच्या लायब्ररीच्या पोटात थेट हात घालतो. बोटाला लावलेल्या सेन्सरवरून रक्तातला ऑक्सिजन सांगणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रात बसवायचा तयार कोड, सी भाषेतला, माझा. आकडा मागायला फंक्शन दिलंय — तरी हा स्ट्रक्टमधून, आतले आकडे ओळीने ठेवलेल्या रकान्यांतून, स्वतःच उचलतो. का? तर गिऱ्हाइकाच्या हाती जाणाऱ्या हेडर फाइलीत स्ट्रक्ट सताड उघडा! उद्या मी त्यात एक रकाना वाढवला की खालचे सगळे सरकणार, आणि त्याचं यंत्र नाडीच्या ठोक्यांना ऑक्सिजन समजणार. नव्वदच्या खाली ओरडायचं, ते मग कशावर ओरडेल?

तेच यंत्र बाबांच्या खाटेशी आहे. भीती वाटते, आणि भीती वाटली की मला रागच येतो.

५ तारीख

साहेबांना सांगितलं, स्ट्रक्ट झाकते. हेडरमध्ये नुसतं नाव, आतलं सगळं आपल्याकडे.

"अगं, गिऱ्हाईक बोंबलेल!"

बोंबलू दे.

६ तारीख

बोंबललं. दाढीवाल्याचा फोन — "मॅडम, तुमचं फंक्शन दोन मिनिटांची सरासरी देतं. गजर वेळेवर वाजायला मला आत्ताचा आकडा लागतो."

म्हटलं, पेशंटने बोट हलवलं की आत्ताचा आकडा माकडउड्या मारतो. सरासरी शांत असते.

"मग ताज्या आकड्याचं वेगळं फंक्शन द्या ना. दोनदा मागितलंय."

मागितलं होतं खरं. पुढच्या आवृत्तीत बघू, म्हटलं आणि फोन ठेवला. आधी आतला हात बाहेर काढ म्हणावं!

७ तारीख

साहेब हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. नखं खाऊन संपली.

१० तारीख

झाकला! आता कोणाची टाप नाही आत डोकावायची. दाढीवाल्याने निमूट माझं फंक्शन घेतलं, यंत्रांवर नवी आवृत्ती चढवली. बाबांच्याही. आई म्हणाली, "हल्ली आकडा कसा छान स्थिर असतो गं!" मी उगीचच दोनदा जाऊन तो पाहून आले.

१२ तारीख

बाबांची ऑक्सिजनची नळी निसटली. ओठ निळे, पडद्यावर गेल्या दोन मिनिटांची शांत सरासरी, चौऱ्याण्णव. गजर वाजलाच नाही.

आईने ओठ पाहिले, म्हणून बाबा आहेत.