कम्प्युटरला जानेवारीतून बाहेर काढताना

६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. तांत्रिक कामाची नोंद ठेवावीच लागते. आमच्या काराकोल गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य गेलं, ती सवय अजून आहे.

प्रश्न: घरच्या जुन्या कम्प्युटरला फर्मवेअर अपडेट लागतं की नाही?

लक्षण: रोज सकाळी चालू केला की तारीख दाखवतो १ जानेवारी २००९. त्या तारखेला इंटरनेट बिचकतं आणि मुलाचा व्हिडिओ कॉल लागत नाही.

निदान (माझं): फर्मवेअर म्हणजे कम्प्युटर उठताना त्याच्या आत सगळ्यांत आधी जे जागं होतं ते. आमचं म्हातारं झालंय. त्याला वाटतंय अजून २००९ चाललंय. कोणी त्याला सांगितलंच नाही, तर ते तरी काय करणार.

घाईचं कारण: मुलगा नूरदीन तिकडे परदेशात, येकातेरिनबुर्गला असतो, त्याला मुलगा झालाय. माझा पहिला नातू. आमच्यात नाव आजोबा ठेवतो, कानात अजान देऊन, तीनदा उच्चारून. २७ तारखेला बाळाचा चाळिसावा दिवस. तोपर्यंत नाव अडवून धरलंय, माझ्याच सांगण्यावरून. मला ते मोठ्या पडद्यावर, नातवाचं तोंड समोर बघून ठेवायचंय. बुरुलचा, म्हणजे आमची ही, रोज तिच्या फोनवर त्याला बघते. मी अजून बघितलेलं नाही. तळहाताएवढ्या काचेत पहिला नातू बघायचा म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघायचं. माझ्याने होणार नाही.

नाव ठरलंय. कोणालाही सांगितलेलं नाही.

संकल्प: बुधवारपर्यंत निकाल लावणे.

९ ऑक्टोबर, बुधवार.
निकाल लागला नाही. दोष माझा नाही.

आधी आपलं फर्मवेअर कितवं ते बघायचं, मग कंपनीच्या साइटवर सगळ्यांत नवं कितवं ते बघायचं. दोन आकडे, एक वजाबाकी. पण आमचा आकडा कम्प्युटर चालू होताना पडद्याच्या कोपऱ्यात येतो आणि लगेच पळतो. पापणी लवली की गेला. दुपारभर चालू-बंद करत बसलो. शेवटी बुरुलचाला बोलावलं. योजना अशी की पहिला अर्धा आकडा मी वाचायचा, दुसरा अर्धा तिने. माझा अर्धा पक्का वाचला. ती म्हणाली, मी तुमच्याकडे बघत होते, तुम्ही तोंड केवढं उघडलं होतं.

तिचं म्हणणं, रोज सकाळी तारीख हाताने बदला, एवढ्यासाठी कशाला जिवाचं रान करता. मी समजावलं की ही मलमपट्टी झाली, रोग आत आहे. ती म्हणाली, बरं. तिच्या 'बरं'चा अर्थ मला लग्नापासून माहीत आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार.
मोठं यश. आकडा सापडला. चालू होताना एक बटण दाबून धरलं की निळं पान उघडतं आणि तिथे सगळं निवांत लिहिलेलं असतं. हे मी स्वतः शोधलं. (चुकून कोपर टेकलं होतं. शोध असेच लागतात.)

आमचं: सहावं. आता साइटवर बघायचं. पण साइट कम्प्युटरवर उघडत नाही, कारण त्याच्या मते आपण २००९ मध्ये आहोत. आणि बुरुलचाचा फोन मी मागणार नाही, कारण मागितला की ती नातवाचा फोटो पुढे करते.

१२ ऑक्टोबर, शनिवार.
नूरदीनचा आईला फोन. पोराला अजून सगळे 'बाळ' म्हणतात, दवाखान्यात नर्ससुद्धा हसायला लागल्यात. बाबा, नाव फोनवरच ठेवून टाका ना, असं म्हणाला म्हणे. त्यावर मी आईकरवी कळवलं की काम शेवटच्या टप्प्यात आहे.

खरं म्हणजे नूरदीन तसा कुरकुरणारा नाही. सून आयझिरेकही काही बोलली नाही, पण ती मागे उभी होती असं ही म्हणते. पोरीचं तोंड उतरलं होतं म्हणे. म्हणजे आता वेळ घालवून चालणार नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार.
तज्ज्ञाचा दुजोरा घ्यावा म्हणतो. सल्ला नव्हे, दुजोरा.

तज्ज्ञ घरातलाच: व्याही मामिरकान, आयझिरेकचे वडील. बाजाराजवळ टीव्ही-कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सहज चाललोय असं दाखवून दुकानात गेलो. मला बघताच त्यांनी दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून हाकललं, शटर अर्धं ओढलं आणि समोरून थंडगार अश्लान-फू, आमचं शेवयांचं आंबट सूप, मागवलं. मी फर्मवेअर म्हणायला तोंड उघडलं की ते वाटीत आणखी शेवया घालत. शेवटी स्पष्टच म्हणाले की व्याह्याशी धंद्याचं बोललो तर लोक काय म्हणतील.

त्यांचंही खरंच आहे. तीन वाट्या खाऊन परत.

१६ ऑक्टोबर, बुधवार.
बुरुलचा म्हणते, त्यांना घरी बोलवा आणि मशीन दाखवा. अगं, व्याह्याला जेवायला बोलवायचं आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर द्यायचा? अख्खा काराकोल तोंडात शेण घालेल.

पण मला एक नामी युक्ती सुचली. दाखवायचं नाही. नुसतं ठेवायचं. पाहुणे येणार, बसणार, समोर कम्प्युटर चालू. त्यांचा जन्म त्यात गेलाय, नजर जाणारच. आपोआप बोलतील. मग मी म्हणणार, हो का, मलाही तेच वाटलं होतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी.
युक्ती शंभर टक्के यशस्वी.

मेंढा कापला. कम्प्युटरवरचं भरतकामाचं कापड काढलं, त्यावरची जर्दाळूंची वाटी हलवली, पडदा व्याह्यांच्या मानाच्या जागेसमोर फिरवला. कोपऱ्यात ठसठशीत १ जानेवारी २००९. व्याही बसले. चहा झाला, तळलेले बोर्सोक झाले, मग घोड्याचं मांस, मग शेवया-मटणाचं बेशबार्माक, मग मानाचं म्हणून मेंढ्याचं डोकं त्यांच्यापुढे ठेवलं. ते कान कापतात, मला देतात, आणि नजर मात्र पडद्यावर. मी मनात म्हटलं, लागू पडली.

एकदा खोकले. एकदा 'व्याही, ते तुमचं...' असं म्हणालेही. मी पुढे झुकलो. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, 'फार छान जपलंय तुम्ही.'

बस्स. तज्ज्ञाचं प्रशस्तिपत्र मिळालं. म्हणजे मशीनचं अंग उत्तम आहे, रोग फर्मवेअरमध्येच. बुरुलचा म्हणते, त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण जेवता-जेवता यजमानाच्या वस्तूत खोट कशी काढणार, तुम्ही विचारायला हवं होतं. मी म्हटलं, पाहुण्याला विचारायचं? तिचं पुन्हा 'बरं.'

जाताना व्याह्यांना नवा चपान, म्हणजे मानाचा लांब अंगरखा, अंगावर घातला. तो घालूनही ते दारात थोडं घुटमळले, मग गेले.

२२ ऑक्टोबर, मंगळवार.
अखेर बुरुलचाच्या फोनवरून साइट बघितली. डोळे अर्धे मिटून, म्हणजे फोटो दिसायला नको. साइटवर आमच्या मॉडेलची दोन भावंडं आहेत, शेवटचं अक्षर वेगळं. एकाचं नवं फर्मवेअर सहावं, दुसऱ्याचं नववं. आपलं कुठलं ते डब्याच्या मागच्या चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी भिंतीकडे. भिंत आणि डबा यांच्यात जो लाकडी खण आहे तो मी स्वतः केलाय, खिळे ठोकून.

नववं धरून चालतो. आमच्या घरात धाकटं मॉडेल कोणी आणणार नाही.

खाली साइटवर लिहिलंय, मशीन नीट चालत असेल तर अपडेट करू नका. हे सामान्य लोकांसाठी.

२६ ऑक्टोबर, शनिवार.
मी सफरचंदं आणायला गेलो असताना बुरुलचाने तारीख हाताने बदलली. येऊन बघतो तर पडद्यावर नूरदीन. लगेच डोळ्यांवर हात धरला, म्हणालो, बाळाला बाजूला घे, आज नाही. तो हसायला लागला. पडदा स्वच्छ, आवाज खणखणीत.

म्हणजे उद्या होणार. आनंद वाटला, लपवत नाही. या महिन्यात पहिल्यांदा घरी पोटभर जेवलो.

पण जेवल्यावर विचार केला. उद्या एवढं मोठं काम, कॉलवर व्याही-विहीण असणार, आणि आपण मलमपट्टीच्या मशीनवर बसणार? मध्येच ती पट्टी सुटली तर? तारीख बरोबर आहे तोवर साइटवरून नवव्याची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. उद्या कॉलच्या आधी अपडेट उरकून टाकतो. किती वेळ लागतोय.

२७ ऑक्टोबर, रविवार. दुपारी.
टेबलाखालून लिहीत नाहीये, पण मन अजून तिथेच आहे.

अपडेट सुरू केलं. पडद्यावर आलं, फाइल तपासणे चालू आहे, वीज बंद करू नका. ठीक. मग तेच. तसंच. आणि मला आठवलं की भिंतीतला प्लग सैल आहे, कोणी जोरात पाऊल टाकलं तरी निसटतो. दुरुस्त करायचा होताच. लगेच टेबलाखाली शिरलो आणि प्लग हाताने दाबून धरला. चष्मा वर राहिला.

तेवढ्यात कॉल आला, बुरुलचाच्या फोनवर. मी खालून ओरडलो, थांबायला सांग. ती म्हणाली, तिकडे चाळीस चमचे पाण्याची अंघोळ झाली, पोर उघडं आहे, थंडी आहे, रडतंय, कोण थांबणार. प्लग मी धरते, तुम्ही या, असंही म्हणाली. पण एवढ्या नाजूक क्षणी हात बदलायचा म्हणजे, मी एक्स्चेंजमध्ये असताना कधी असं केलं नाही.

पोर खरोखर रडत होतं. सगळं घर त्याच्या आवाजाने भरलं होतं. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

बुरुलचा गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली हात घालून फोन माझ्या तोंडापाशी धरला. मला दिसला तो तिचा अंगठा. म्हणाली, 'आता बोला. नाहीतर मीच ठेवते नाव.'

मी पोटावर आडवा, एक हात भिंतीवर, दाढीला जाळं. अजान दिली. मधे धूळ नाकात गेली, पण थांबलो नाही. मग नाव घेतलं, तीनदा: तोकतोबोलोत. तोकतोबोलोत. तोकतोबोलोत. तिसऱ्या वेळी माझा आवाज फुटला, ते धुळीमुळे.

तिकडे रडणं थांबलं. मग नूरदीन म्हणाला, 'बाबा, तो तुमचा आवाज शोधतोय.' आयझिरेकने ते नाव हळूच म्हणून बघितलं, दोनदा. मी ऐकलं.

मग एक मोठा हसण्याचा आवाज, तो व्याह्यांचा. फोनमधूनच म्हणाले, 'व्याही, आता तुम्हाला टेबलाखाली बघितलंय, तर कसली लाज. सेल बदला हो. आत बटणाएवढा सेल असतो, तो मेलाय. त्या दिवशीच दिसलं होतं, पण तुमचंच मटण तोंडात असताना तुमच्या मशीनला नावं कशी ठेवू?'

मी तसाच पडून राहिलो. थोड्या वेळाने वर पडद्यावर काहीतरी चमकलं. बुरुलचाने वाचून दाखवलं: ही फाइल या मशीनसाठी नाही. आपल्याकडे आधीच सर्वांत नवं फर्मवेअर आहे.

म्हणजे धाकटं मॉडेल. म्हणजे सहावंच. म्हणजे अपडेट लागत नव्हतं.

हेच तर मला शोधायचं होतं. शोध पूर्ण.

२८ ऑक्टोबर, सोमवार.
व्याही दुकान न उघडता आले. चपान घालूनच. दारात चहा नको म्हणाले, चहा घेतला की हात चालत नाहीत म्हणे. माझ्या खणाचे खिळे त्यांनीच उपटले, डबा उघडला, जुना सेल काढला, नवा बसवला. मला धरायला सुद्धा काही दिलं नाही. मग मात्र पोटभर चहा घेतला आणि जर्दाळूंची वाटी रिकामी केली.

ते गेल्यावर कम्प्युटर बंद करून चालू केला. २८ ऑक्टोबर. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. २८ ऑक्टोबर. आजच्या तारखेला यायला त्याला फारसं काही लागलं नाही.

चष्मा घातला. खुर्ची ओढली. मोठ्या पडद्यावर कॉल लावला. आयझिरेकने घेतला. तिने सुना करतात तशी मान लववली, आणि हळूच म्हणाली की तोकतोबोलोत आत्ताच झोपला, भिंतीकडे तोंड करून, हलवलं तर उठेल. मी म्हटलं, हलवू नकोस पोरी, आहे तसाच दाखव.

तिने फोन जवळ नेला. अख्ख्या पडद्यावर एक कान. केवढा तरी मोठा, गुलाबी, वर थोडी लव. तोंड नाही, डोळे नाहीत, नुसता कान. ज्यात मी काल नाव घातलं, तोच असावा.

बुरुलचा म्हणाली, फोटो दाखवू का, तोंडाचा आहे माझ्याकडे. मी म्हटलं, थांब जरा. कान बघत बसलो. सूप गार होतंय म्हणून ती दोनदा ओरडली.