लवंगीचा ताटवा कोणाकडे जावा

मी, सोजराबाई उद्धवराव सोनकांबळे, वय एकसष्ट, निवृत्त नर्स, राहणार मैलूर, बीदर, राजीखुशीने लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकील म्हणाले, गुडघ्यांचे लिहायची गरज नाही.

घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते पती उद्धवराव यांनी हयातभर वापरावे, नंतर मुलगा नरसिंग याचे. नरसिंग गुलबर्ग्याहून आला की अंगणात फरशी घालून स्कूटर ठेवू म्हणतो. स्कूटर रस्त्यावर ठेवावी. अंगणात लवंगीचा ताटवा आहे.

ही झाडे मला हवाई दलातल्या एका बाईंनी बदलीवर जाताना दिली. त्या 'पिंक' म्हणत. फूल गुलाबी, कातरलेल्या कडांचे, वास हुबेहूब लवंगेचा, म्हणून आम्ही लवंगी म्हणतो. झाड वर्षानुवर्षे टिकते, फक्त पायाशी पाणी साचू देऊ नये.

शेजारीण गुरुबाई हिने न विचारता फुले तोडली, फांद्याही नेल्या. फुले अंबाड्यात खोवून, वर पदर घेऊन ती गल्लीतल्या एका लग्नाला आली. मी म्हटले, "गुरुबाई, लवंगीचा वास यायलाय."

"दाढ दुखायलीय अक्का. लवंग धरलीय."

मग पंगत उठेपर्यंत तिला गाल धरून बसावे लागले. बुंदीलाही हात लावला नाही. तिचे यजमान माणिकप्पा भला माणूस. दुसऱ्या दिवशी तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. चांगली दाढ गेली, पण बाईने कबूल केले नाही. मी तिच्याशी बोलणे टाकले.

पुढे नातवाच्या नामकरणाला मी गुलबर्ग्याला राहिले. पाणी घालू नका, असे उद्धवरावांना बजावले होते. परत येऊन पाहते तर सगळा ताटवा कुजलेला.

"कामून घातलं पाणी?"

"तू न्हाईस, करमंना. झाडांसंगं बोलत बसलो, हातात तांब्या होता."

मी तांब्या उचलून वरच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी गुरुबाई कुंपणाशी आली. तुपाच्या डब्यात लवंगीचे रोप. खाली बघत म्हणाली, "तुमच्याच फांद्या हाईत अक्का. माझ्या परसात चुन्याच्या ढिगावर लई फुटल्यात. घ्या." आजचा ताटवा त्या रोपाचा आहे.

सबब ताटवा, खुरपे व कात्री गुरुबाईस द्यावी. तिला अंगणात येण्यास नरसिंगने अडवू नये. तिने सुकलेली फुले खुडावीत, मातीत चुनखडी मिसळावी, बुंध्याशी शेणखत लोटू नये, बहर सरला की फांद्या लावाव्यात. उद्धवरावांनी झाडांशी रोज बोलावे, रिकाम्या हातांनी.

साक्षीला आज गुरुबाईच नवे लुगडे नेसून आली होती. ज्याला मिळायचे त्याने सही करू नये, असे वकील म्हणाले, म्हणून तिला परत पाठवले. कारण सांगितले नाही. रुसून गेली आहे. तिला कोणी काही सांगू नये. सध्या ती रोज भांडायला येते आणि माझा वेळ बरा जातो.

साक्षीदार: १. किशनराव (सही) २. शोभाबाई (अंगठा)

सोजराबाई उद्धवराव सोनकांबळे (सही)

बीदर, ९ फेब्रुवारी १९८३